पिवळा कमी केला

११ नोव्हेंबर, मंगळवार

ही वही लेकीने पाठवली. सोबत चिठ्ठी: बाबा, नवीन काहीतरी करताय तर रोज काय केलं ते आकड्यांसकट लिहून ठेवा, नाहीतर परवाचं आज विसराल. माझ्या विसरण्यावर बोलायची एक संधी ही पोरगी सोडत नाही. पण म्हणणं बरोबर आहे. फिल्मच्या काळात मी प्रत्येक रोलमागे एक पान लिहायचो. मग कॅमेरे शहाणे झाले आणि मी आळशी झालो.

तर काम असं आहे. पुढच्या महिन्यात वर्षअखेरीच्या सुट्ट्या लागतील, आमचा अख्खा रस्ता दिव्यांनी भरेल आणि लहानथोर सगळे मोबाइल काढून एकमेकांचे फोटो काढत सुटतील. ते फोटो मला बघायला मिळतात, कारण नंतर प्रिंट काढायला माझ्याकडेच येतात. फ्लॅश मारलेला असतो. चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा पांढरा आणि मागचे दिवे गायब. ज्या दिव्यांसाठी एवढा आटापिटा केला तेच गायब. फ्लॅश नसेल तर दिवे झकास आणि घरची माणसं काळीठिक्कर. कुणाला काही शिकवायला गेलं तर तोंड वाकडं करतात.

म्हणून मी स्टुडिओच्या मागच्या भिंतीवर माळा सोडल्या आहेत. माणसाला माळांपासून दहा फूट पुढे बसवायचं, लेन्स सताड उघडायची, म्हणजे मागचे दिवे पसरून मोठाले मऊ गोळे होतात. चेहऱ्याजवळ एक छोटा दिवा. फ्लॅशला हातसुद्धा लावायचा नाही. पासपोर्ट फोटोवर आता स्टुडिओ चालत नाही, हे मला लेकीने येऊन सांगायला नको. हा हंगाम साधला तर ठीक, नाहीतर शटर ओढायचं आणि तिच्याकडे जाऊन राहायचं, असं मी बायकोलाही सांगून टाकलंय. ती म्हणाली, "बरं." तिचं बरं म्हणजे काय ते तिलाच माहीत.

चाचणीसाठी तिलाच बसवलं. फुकटात एवढा वेळ दुसरं कोण बसणार? पाठ दुखते म्हणाली, उशी दिली. चेहरा जरा पिवळट आला, माळांचा उजेडच पिवळा आहे. कॉम्प्युटरवर पिवळा चारने कमी केला. छान जमला.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज हिला दुकानाच्या दारात उभी करून फोटो काढला. बाहेरच्या फोटोचं गणित वेगळं. दिवे लागल्यानंतर आभाळ पुरतं काळं व्हायच्या आत साधारण वीस मिनिटं मिळतात, तेव्हा आभाळात निळा शिल्लक असतो आणि दिवे त्यावर उठून दिसतात. लोक जेवूनखाऊन निवांत बाहेर पडतात, तेव्हा आभाळाचा पडदा कधीच पडलेला असतो. हे लिहून दारावर लावावं म्हणतो.

पिवळा चार. ही दुपारी अर्धी जेवली. तोंडाला चव नाही म्हणते. भाजी तिनेच केली होती, त्यामुळे मला दोष देता आला नाही, एवढंच समाधान.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सगळे फोटो वाया. फ्लॅश नाही म्हटल्यावर कॅमेऱ्याचं दार जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढा वेळ समोरच्याने दगड व्हायचं असतं. तेहतीस वर्षं मी लोकांना "हलू नका" म्हणत आलोय, लहान पोरंही ऐकतात. ही ऐकत नाही. मध्येच हात उचलून दंड खाजवते, की फोटोत हाताच्या जागी धूर. चौदा फोटोंत चौदा धूर. मी वैतागलो. म्हणाली, लोकरीच्या स्वेटरने खाज सुटते. स्वेटर काढायला लावला. तरी पोटरी खाजवायला वाकली. मी म्हटलं, तुला मुद्दामच करायचंय. त्यावर ती हसली आणि मग खरंच दगडासारखी बसली, दात आवळून. तो पंधरावा फोटो चांगला आलाय.

पिवळा सहाने कमी केला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

शेजारच्या शिंपीणबाईंनी दुकानात डोकावून सांगितलं की वहिनींचे कपडे दुसऱ्यांदा आत घ्यायला आलेत, आपण घेतलेल्या मापातच यंदा चूक झाली की काय, असं त्यांना वाटत होतं. मी म्हटलं, बाई, तुमचं माप बरोबर आहे, आमच्या मंडळींनी चरबी उतरवलीय. मला तर बरंच वाटलं. गालाची हाडं वर आलीत, बाजूने दिवा मारला की सावली नेमकी पडते. वीस वर्षांपूर्वी हिचा चेहरा असा होता. मी तसं बोलूनही दाखवलं. तिने मान खाली घातली. एवढ्या वर्षांनी लाजली म्हणायची.

पिवळा नऊ. हे का वाढतंय ते बघायला हवं.

२ डिसेंबर, मंगळवार

दिवसभर डोकं फुटायची वेळ आली. इथे नीट लिहून ठेवतो.

रंग सरळ करायची जुनी पद्धत अशी. समोरच्याच्या हातात राखाडी कार्ड द्यायचं आणि एक फोटो काढायचा. मग कॉम्प्युटरला सांगायचं की हा राखाडी म्हणजे साधा राखाडी, यात दुसरा कुठलाही रंग नाही. त्यावर टिचकी मारली की बाकीचे सगळे रंग आपापल्या जागी येऊन बसतात. उजेड कसलाही असो, कार्ड खोटं बोलत नाही.

आज टिचकी मारली. माळा बरोबर, भिंत बरोबर, स्वेटर बरोबर. चेहरा मात्र पिवळा. पुन्हा मारली, पुन्हा तेच. कार्ड वीस वर्षांचं आहे, खिडकीत ऊन खाऊन निळसर पडलं असणार. कार्डच निळं पडलं तर फोटो पिवळ्याकडे झुकणारच, हिशोब सरळ आहे. कार्ड कचऱ्यात टाकणार होतो, मग ठेवलं खणात.

मग मी शक्कल काढली. चेहऱ्यात पांढरं असं असतं काय? डोळ्यांतलं पांढरं आणि दात. हिचे दात चहाने गेलेत. म्हणून डोळ्याच्या पांढऱ्यावर टिचकी मारली आणि कॉम्प्युटरला म्हटलं, बाबा, हे पांढरं. चेहरा झक्क उजळला. गालावर गुलाबी. फक्त मागच्या माळा निळसर झाल्या, ट्यूबलाइटसारख्या. ते व्होल्टेजचं काम दिसतंय, उद्या त्याच्याकडे बघतो.

पिवळा चौदा.

४ डिसेंबर, गुरुवार

व्होल्टेज म्हणजे समोरचा दिव्यांचा दुकानदार, दोन वाक्यांत तापतो म्हणून सगळे त्याला तेच म्हणतात. मी त्याला सांगितलं, तू मला पिवळ्याच्या नावाखाली निळसर माळा गळ्यात मारल्यास. तो तापलाच. माळ भिंतीला लावून पेटवली आणि म्हणाला, "यात तुला निळं दिसत असेल तर डोळे तपासून घे." चार माणसं जमली. मी नवीन माळा घेऊनच आलो, दुसऱ्या कंपनीच्या. घरी, म्हणजे स्टुडिओत, लावून हिला बसवलं, डोळ्यावर टिचकी मारली, पुन्हा निळसर. सगळ्या कंपन्या एका माळेचे मणी.

शेवटी मार्ग काढला. मागचं सगळं आहे तसं ठेवायचं आणि चेहऱ्याभोवती रेघ आखून फक्त तेवढाच सुधारायचा. मान, कान आणि हातसुद्धा. एका फोटोला पाऊण तास लागला. पण काय फोटो आलाय.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज काढलेला शेवटचा फोटो मोठा करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावला. दाराएवढा. मागे सोन्याचे गोळे, पुढे ही, मान किंचित कललेली, गाल टवटवीत. पिवळा सतराने कमी केलाय, पण कुणाच्या बापाला कळणार नाही. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस थांबतो. लेकीला मोबाइलवर पाठवला. तिचा लगेच फोन, "आई काय गोड दिसतेय, बाबा. तब्येत चांगली आहे तिची." म्हटलं, बघ, म्हातारा अजून कामातून गेला नाही.

१० डिसेंबर, बुधवार

लिहायला वेळ नाही, इतकी गर्दी. दारात रांग. आत येतात आणि काचेकडे बोट दाखवतात, असा हवा, त्या बाईंसारखा. शटर ओढायचा विषय संपला. मी हिला तसं सांगितलं, तर डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

एक गंमत. गिऱ्हाइकांचे चेहरे पिवळा चारने कमी केला की भागतात. हिला काल बावीस लागले. तेच दिवे, तीच खुर्ची. काही चेहरे कॅमेऱ्याला मानवत नाहीत, त्याला इलाज नाही.

आणखी एक. जन्मात कधी स्वतःचा फोटो न बघणारी ही हल्ली रोज संध्याकाळी विचारते, "आजचा झाला का? दाखवा बघू." मी तयार केल्याशिवाय दाखवत नाही. बराच वेळ बघत बसते, मग मोबाइल परत देते आणि कामाला लागते. म्हातारपणी हौस आलीय.

१३ डिसेंबर, शनिवार

शिंपीणबाईंशी वाजलं. म्हणतात, "भाऊ, वहिनी पिवळ्या दिसतात. कालपासून बोलू का नको करत होते." मी त्यांना आत बोलावलं, माळांसमोर उभं केलं आणि आरशात बघायला लावलं. म्हटलं, तुम्हीसुद्धा पिवळ्या दिसताय, मीही दिसतोय, ही खुर्चीही दिसतेय. सगळ्या रस्त्यावर पिवळे दिवे लागलेत, बाई, उजेड पिवळा असला की माणूस पिवळा दिसतो, ह्याचंच तर मी खातो. जाताना एवढंच म्हणाल्या की दिवसाउजेडी एकदा बघा.

दिवसाउजेडी बघायला दिवस आहे कुठे? आठवडाभर धुकं. मी उजाडायला दुकानात, आणि आमचं घर मागच्या बाजूला, दुपारीही दिवा लावावा लागतो. बाईमाणसाशी असं बोलायला नको होतं, ते मात्र खरं. उद्या जाऊन बोलतो.

पिवळा सव्वीस.

१७ डिसेंबर, बुधवार

आज ही बसायला नाही म्हणाली. दमले म्हणते. दुपारी झोपते हल्ली. मी चिडलो, कारण माळा बदलल्यावर पहिला फोटो तिचा काढायचा असं ठरलंय. शेवटी बसली. एकतीस.

लेक शनिवारी येतेय, सुट्टीत आठ दिवस राहणार. घर आवरायला सांगितलं तर म्हणाली, तुम्हीच आवरा.

२० डिसेंबर, शनिवार

आज बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं. आम्ही दोघं लेकीला घ्यायला बसथांब्यावर गेलो होतो, सकाळी साडेनऊला. ती हसत उतरली, बॅग खाली ठेवली आणि थांबली. आईला मिठी मारली नाही. तिची हनुवटी धरली, तोंड उन्हाकडे वळवलं आणि खालची पापणी बोटाने ओढून बघितली.

मग तिने माझ्याकडे बघितलं. "बाबा, तुम्ही रोज हिचे फोटो काढता ना?"

मी हो म्हटलं.

बॅग घरी टाकायच्या आत आम्ही दवाखान्यात होतो. तिथून मोठ्या हॉस्पिटलात जा म्हणाले. लिहवत नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

तपासण्या चालू आहेत. डॉक्टर लेकीच्याच वयाच्या आहेत, हळू बोलतात. त्यांनी हिला विचारलं, डोळे कधीपासून पिवळे झाले. ही म्हणाली, आठ-दहा दिवस झाले असतील. डॉक्टर म्हणाल्या, नक्की? तर हिने लेकीचा मोबाइल मागून घेतला, पाच तारखेचा फोटो शोधला आणि त्यांच्यासमोर धरला.

"हे बघा. ह्यांनीच काढलाय. पाच तारखेला मी अगदी स्वच्छ आहे की नाही?"

डॉक्टरांनी फोटो मोठा करून डोळे बघितले. छान फोटो आहे म्हणाल्या आणि कागदावर लिहिलं, दहा दिवस. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. मला बोलायचं होतं. तोंड उघडलंही, आणि मग विचारलं की पाणी कुठे मिळेल.

ही संध्याकाळी लेकीला सांगत होती, दहा दिवसांत सापडलं म्हणजे लवकर सापडलं, काळजीचं कारण नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

आज स्टुडिओ उघडला आणि आतून कडी लावली. बाहेर लोक दार वाजवत होते. ज्यांना फोटो देणं आहे त्यांना द्यायला हवेत, पण मी उठलो नाही.

मूळ फोटो मी पुसत नाही, तेवढी शिस्त आहे. कार्ड हातात धरलेला रोजचा पहिला फोटोही ठेवतो. सगळे काढले, अकरा नोव्हेंबरपासून सतरा डिसेंबरपर्यंत, आणि प्रत्येकात कार्डावर टिचकी मारून एका ओळीत लावले. कार्डाला काहीही झालेलं नव्हतं. माळा सगळीकडे सारख्या, भिंत सारखी, खुर्चीचं लाकूड सारखं. मधली बाई पिवळी होत गेली. विसाव्या तारखेला जेमतेम. सत्तावीसला दिसते. दोन डिसेंबरला आंधळ्यालाही दिसावी, त्याच दिवशी मी तिच्या डोळ्यावर टिचकी मारून म्हटलं होतं की हे पांढरं.

मला दिसत होतं. रोज दिसत होतं. ते किती आहे ते मी रोज मोजलं, ह्या वहीत लिहिलं, आणि काढून टाकलं.

काचेतला फोटो उतरवला. गुंडाळी करून माळ्यावर टाकला. शिंपीणबाई बाहेर उभ्या होत्या. त्यांच्याशी बोलायचं राहून गेलं होतं, ते आजही जमलं नाही.

लेकीला घरी गेल्यावर सांगितलं. आधी तिला कळेना. तिने विचारलं, "म्हणजे मला पाठवायचात ते?" मी म्हटलं, दुरुस्त केलेले. ती स्वयंपाकघरात गेली, भांडी घासायला लागली, घासलेलीच पुन्हा घासली. मग आतूनच म्हणाली, "आईला सांगू नका. तिने सगळा जीव त्या एका फोटोवर टांगलाय."

२७ डिसेंबर, शनिवार

डॉक्टरांनी मला आणि लेकीला वेगळं बसवून सांगितलं. स्वादुपिंडात गाठ आहे, तिने पित्ताची नळी दाबलीय, आणि यकृतातही पसरलंय. ऑपरेशन करून उपयोग नाही. बंद झालेल्या नळीत एक छोटी नळी घालतील, म्हणजे पित्त वाहील, खाज थांबेल, पिवळेपणा उतरेल. गाठ आहे तिथेच राहील. चार महिने, फार तर सहा.

लेक बाहेर गेल्यावर मी ही वही त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, तुम्ही दहा दिवस लिहिलंय ते चूक आहे. त्यांनी पानं उलटली. चार, चार, सहा, नऊ, चौदा, सतरा. बोट आकड्यांवरून फिरवत गेल्या आणि विचारलं, हे कसले आकडे. सांगितलं. त्यांनी तारखा आपल्या कागदावर उतरवून घेतल्या आणि दहा दिवसांवर काट मारली.

मी विचारलं, वीस नोव्हेंबरला आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, तसं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही, हा आजार बहुतेक वेळा उशिराच कळतो. मला त्यांनी झापायला हवं होतं. गिऱ्हाइकाचा फोटो बिघडवला तर गिऱ्हाईकसुद्धा झापतं.

२ जानेवारी, शुक्रवार

नळी घालून चार दिवस झाले. खाज थांबली. हातांचा रंग उतरायला लागलाय, डोळेही. मेहुणी भेटायला आली होती, दारातूनच म्हणाली, ताईचा रंग परत आला की. लेकही मावशीला धरून रडली आणि हसली. नर्स म्हणते, बघा, आजी कशा खुलल्या. सगळ्यांचे चेहरे उजळलेत. पिवळं कमी केल्याने आत काय फरक पडतो ते मला विचारा.

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.

६ जानेवारी, मंगळवार

कालपासून ही घरी आहे. लेकीने सुट्टी वाढवून घेतली, ती औषधं आणायला गेली होती. खिडकीजवळ पलंग ओढून घेतलाय, दुपारचा थोडा उजेड येतो तिथे. रस्त्यावरच्या माळा उतरवायला लागलेत, व्होल्टेज शिडीवरून कुणावर तरी ओरडत होता. ही ऐकून हसली. म्हणाली, पुढच्या वर्षी भिंतीवर माळा कमी लावा, गिचमिड होते.

मग म्हणाली, "आठ-दहा दिवसांतच सापडलं, नशीब. नाहीतर लोकांना महिनोन्महिने कळत नाही. सापडलं लवकर, म्हणजे होईन बरी, नाही का हो?"

लेकीचं बोलणं कानात होतं. हो म्हणायला एक शब्द पुरे होता. माझ्या जिभेवर आलाही होता. मला तिच्याकडे बघवेना, आणि तिच्याकडे न बघता हो म्हणणं म्हणजे पुन्हा तेच करणं.

मी म्हटलं, "अगं, ते फोटो खरे नव्हते."

सगळं सांगितलं. कार्ड, डोळ्यावरची टिचकी, चेहऱ्याभोवतीची रेघ, वहीतले आकडे. शिंपीणबाईंना आरशासमोर उभं केलं तेही सांगितलं. तिने मूळचे दाखवा म्हटलं. मोबाइलवर होते. तिने एकेक करून बघितले, घाई न करता, दोन डिसेंबरच्या फोटोवर बराच वेळ थांबली. नंतर मोबाइल पालथा ठेवला आणि डॉक्टर काय म्हणाल्या ते विचारलं. "काही कमी करू नका," म्हणाली. मी काही कमी केलं नाही. चार महिने, फार तर सहा. बोलताना रडलो. ती रडली नाही, माझा हात धरून खिडकीकडे बघत राहिली.

मग म्हणाली,

"मला आरशात दिसत होतं. डोळे, नखं, सगळं. नोव्हेंबरपासून. रोज ठरवायचे, आज ह्यांना सांगू. मग संध्याकाळी तुम्ही फोटो दाखवायचात. मी म्हणायचे, आपल्याला काय कळतंय, ह्यांना त्यातलं कळतं."

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. लग्नाला चौतीस वर्षं झाली. मला माझ्या कामातलं कळतं, असं तिच्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकलं. चार वाजले होते, तिच्या गोळीची वेळ झाली होती. मी उठून पाणी आणलं.